गोदावरी मुंबईत, ब्रह्मपुत्रा कोलकात्यात: युद्धनौकांचं काम वाटायचं कसं?

२६ ऑगस्ट २०२५ रोजी विशाखापट्टणमच्या तळावर दोन युद्धनौका एकाच दिवशी भारतीय नौदलात दाखल झाल्या. एकीचं नाव ‘उदयगिरी’ आणि दुसरीचं ‘हिमगिरी’. मोबाईलवर ही बातमी वाचताना लातूर जिल्ह्यातल्या कित्येकांचं बोट पहिल्या नावावर थांबलं असेल. आपल्या उदगीरचं जुनं नाव उदयगिरी असं गावात सांगतात. तिथल्या जुन्या कॉलेजच्या नावातही उदयगिरी आहेच.

खुलासा लगेच करून टाकतो. जहाजाचं नाव आपल्या उदगीरवरून ठेवलेलं नाही, ते आंध्रातल्या डोंगररांगेवरून आलंय. पण नांदेडकरांनी हिरमुसायचं कारण नाही. १९८३ साली नौदलात आलेल्या ‘गोदावरी’ या युद्धनौकेचं नाव मात्र त्याच नदीचं, जिच्या घाटावर नांदेड वसलंय.

आता तुम्ही म्हणाल, लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि आपण समुद्रातल्या जहाजांच्या गप्पा मारतोय! पण त्या बातमीतलं एक वाक्य आपल्याही कामाचं होतं. दोन वेगवेगळ्या शिपयार्डांत बांधलेल्या दोन मोठ्या युद्धनौका एकाच वेळी दाखल होण्याची ही पहिलीच वेळ होती. उदयगिरी मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधली, हिमगिरी कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये. आराखडा एकच, नौदल एकच, पैसे एकाच तिजोरीतले. मग काम दोन ठिकाणी का दिलं? आणि ते वाटलं कुणी, कोणत्या हिशोबानं?

हा प्रश्न फक्त नौदलाचा नाही. सरकारी पैशातून होणारं कुठलंही मोठं काम कुठल्या गावाला मिळतं, कुठल्या गावाला मिळत नाही आणि मिळालेलं टिकतं का, याचा तो प्रश्न आहे. लातूरच्या रेल्वे डब्याच्या कारखान्याचाही तोच प्रश्न आहे. तिथे शेवटी येऊच. आधी जरा मागे जाऊ.

सगळी अंडी विजयदुर्गात

उदगीरची लढाई १७६० सालची. सदाशिवरावभाऊंनी तिथे निजामाला हरवलं आणि दौलताबादसारखा किल्ला मराठ्यांच्या हाती आला. शाळेत आपण ही लढाई शिकतो. तिच्या चारच वर्षं आधी, त्याच नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कोकणात काय घडलं, ते मात्र घाईघाईत उरकलं जातं.

तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचं बिनसलं होतं. पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनची जहाजं विजयदुर्गासमोर आली. त्यांच्यासोबत रॉबर्ट क्लाइव्हही होता. जमिनीकडून पेशव्यांचं सैन्य होतं. तोफांचा मारा सुरू झाला, आंग्र्यांच्या एका जहाजाला आग लागली आणि खाडीत एकमेकांना खेटून उभं असलेलं आरमार बघता बघता पेटलं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे खाडीच्या काठी खडक फोडून केलेल्या गोदीचे अवशेष आजही दिसतात. म्हणजे आंग्र्यांचा किल्ला, त्यांची गोदी आणि त्यांची जहाजं, सगळं एकाच खाडीच्या तोंडाशी. शत्रूला दहा ठिकाणी जायची गरजच उरली नाही.

यानं मराठ्यांचं सगळं आरमार संपलं असं मात्र नाही. कुलाब्याला आंग्र्यांचं दुसरं घर होतं, ते राहिलं. पुढे पेशव्यांनी आनंदराव धुळपांच्या हाताखाली आरमार पुन्हा उभं केलं आणि १७८३ साली धुळपांनी इंग्रजांचं ‘रेंजर’ जहाज पकडलं. पण कुलाबा वाचलं ते कुलाब्यात होतं म्हणून. तुळाजीचं सगळं एका जागी होतं, म्हणून ते गेलं.

काम वाटण्याचं पहिलं कारण इथे मिळतं. जहाजं एकाच गोदीत बांधली जात असतील, तर एक आग, एक पूर, एक हल्ला किंवा एक लांबलेला संपसुद्धा सगळं थांबवू शकतो. म्हणून निदान दोन ठिकाणं हवीतच.

काम कुणाला, हे भांडण जुनंच

त्याच काळात इंग्रज मात्र मुंबईत गोदी वाढवत होते. सुरतेचे जहाजबांधणीतले वाकबगार लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईत आले आणि पुढे त्यांच्या घराण्याच्या पिढ्यान् पिढ्या त्या गोदीत काम करत राहिल्या. सागवानी लाकडाची ती जहाजं इतकी टिकाऊ होती, की १८१७ साली मुंबईत बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे.

मुंबईचं काम चांगलं निघालं तसं लंडनमध्ये पोट दुखायला लागलं. थेम्स नदीकाठच्या जहाजबांधणीवाल्यांनी ओरड केली की हिंदुस्थानात बांधलेल्या जहाजांमुळे आमच्या यार्डांना काम उरत नाही. १८१४ साली ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे त्यावर साक्षी झाल्या. आमच्या भागातला रोजगार आधी बघा, हे वाक्य राजकारणात काल-परवा आलेलं नाही.

दुसरी बाजू आपल्या शेजारच्या माणसानं अनुभवली. धाराशिव ओलांडलं की सोलापूर. तिथे १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद ‘सिंधिया’ या भारतीय जहाज कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. ५ एप्रिल १९१९ रोजी या कंपनीचं ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघालं. आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो याच तारखेला. नुसती जहाजं चालवून भागणार नाही, ती बांधायलाही हवीत, असं वालचंदांचं म्हणणं होतं. कोलकात्यात जागेचं जमलं नाही. शेवटी विशाखापट्टणमला जागा मिळाली आणि २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी, ६ एप्रिल १९४२ ला, त्या शहरावर जपानी बॉम्ब पडले. तरी यार्ड उभं राहिलं. १४ मार्च १९४८ रोजी ‘जलउषा’ हे जहाज तिथून नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं.

समुद्राचा वाराही न लागणाऱ्या सोलापूरचा माणूस पूर्व किनाऱ्यावर जहाजांचा कारखाना काढतो. जहाजाचं काम म्हणजे किनाऱ्यावरच्या लोकांचंच काम, ही समजूत तेव्हाच मोडायला हवी होती.

सहा ‘गिरी’ आणि एक गोदावरी

१९६० साली सरकारनं मुंबईचं माझगाव डॉक आणि कोलकात्याचं गार्डन रीच ही दोन यार्डं ताब्यात घेतली. गोवा मुक्त झाल्यावर पोर्तुगीजांनी सुरू केलेलं गोव्यातलं यार्डही आलं. युद्धनौका देशातच बांधायच्या असं ठरलं, तेव्हा खरी परीक्षा माझगावची होती.

ब्रिटिश आराखड्याची ‘निलगिरी’ ही फ्रिगेट १९७२ मध्ये नौदलात आली. त्यानंतर त्याच यार्डातून एकामागून एक हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी आणि १९८१ साली विंध्यगिरी आली. जवळजवळ एकाच घडणीची सहा जहाजं, तेच कामगार, तेच फोरमन, तेच इंजिनियर. पहिल्या जहाजात झालेली चूक दुसऱ्यात टाळता आली. शेवटच्या दोन जहाजांत तर आराखडाच बराच बदलला आणि मोठं हेलिकॉप्टर ठेवायची सोय झाली.

या सहा जहाजांवर हात बसला म्हणूनच ‘गोदावरी’ शक्य झाली. तिचा आराखडा नौदलाच्या स्वतःच्या आराखडा विभागानं केला. रशियन क्षेपणास्त्रं, पाश्चात्त्य यंत्रं आणि भारतीय उपकरणं एकाच सांगाड्यात बसवणं हे तेव्हा धाडसच होतं. १९७७ मध्ये तिचा कणा ठेवला, म्हणजे बांधणी सुरू झाली, आणि १० डिसेंबर १९८३ रोजी ती नौदलात दाखल झाली. सुमारे साडेसहा वर्षं लागली.

इथे दुसरा नियम दिसतो. जहाज बांधायला शिकायचं असेल तर एकाच ठिकाणी, एकाच प्रकारची, पाठोपाठ जहाजं बांधावी लागतात. भाकरी थापायला शिकवताना आई रोज नव्या माणसाला बसवत नाही. त्याच हाताला रोज पीठ देते.

ब्रह्मपुत्रेची अकरा वर्षं

मग गोदावरीच्या वाढीव आराखड्याची पुढची तीन जहाजं कोलकात्याला दिली. विजयदुर्गाचा धडा बघितला तर निर्णय योग्यच. दुसरं यार्ड तयार व्हायला हवं होतं. पण त्या वर्गातल्या ‘ब्रह्मपुत्रा’चा कणा १९८९ मध्ये ठेवला आणि ती नौदलात आली एप्रिल २००० मध्ये. जवळपास अकरा वर्षं.

सगळा दोष यार्डावर टाकणं बरोबर होणार नाही. १९९१ च्या आसपास देशाची तिजोरी रिकामी झाली होती, सोव्हिएत संघ कोसळला होता, बसवायची शस्त्रं आणि यंत्रणा मध्येच बदलत होत्या. तरी गार्डन रीचसाठी एवढ्या मोठ्या आणि गुंतागुंतीच्या युद्धनौकेचा अनुभव नवा होता, हेही खरंच. दुसरं यार्ड उभं करायची किंमत असते. ती पैशात मोजावी लागते आणि वर्षांतही. ती मोजायची तयारी नसेल तर काम वाटू नये. आणि एकदा मोजली की मग त्या यार्डाला पुन्हा रिकामं बसवू नये. नाहीतर केलेला सगळा खर्च पाण्यात.

वाटायचं ते वर्षांतही

हे रिकामं बसणं किती महाग पडतं, हे पाहायला दुसऱ्या यार्डाकडेही जायला नको. पुन्हा माझगावलाच जाऊ.

१९८१ साली जर्मनीशी पाणबुड्यांचा करार झाला. दोन जर्मनीत बांधायच्या, दोन मुंबईत. ‘शल्की’ १९९२ मध्ये आणि ‘शंकुल’ १९९४ मध्ये माझगावहून नौदलात आल्या. पाणबुडीच्या सांगाड्याचं वेल्डिंग म्हणजे खेळ नाही. खोल पाण्याच्या दाबाखाली एक बारीक चीरही माणसांचा जीव घेते. ते काम करणारे हात मुंबईत तयार झाले होते.

पण त्या करारात दलालीचे आरोप झाले आणि पुढची कामं थांबली. नवा करार व्हायला २००५ साल उजाडलं, या वेळी फ्रेंच आराखड्यावर. त्यातली पहिली ‘कलवरी’ नौदलात दाखल झाली १४ डिसेंबर २०१७ रोजी. शंकुलपासून कलवरीपर्यंत २३ वर्षं गेली. दरम्यान १९९४ चे वेल्डर निवृत्त झाले. शेड होतं, क्रेन होत्या, गेटवर बोर्ड होता, पण शिकलेला हात पुढच्या हाताला शिकवायला जागेवर नव्हता. पुन्हा पहिलीपासून शाळा.

म्हणून मला वाटतं, काम कुठल्या यार्डाला द्यायचं यावर आपण जितकं भांडतो, त्याच्या निम्मंही ते कुठल्या वर्षांत द्यायचं यावर भांडत नाही. वाटणी जागांमध्ये करावी लागते तशी वर्षांमध्येही करावी लागते. एका यार्डाला चार वर्षांत आठ जहाजं आणि मग दहा वर्षं काही नाही, यापेक्षा दर दीड-दोन वर्षांनी एक जहाज, पण न चुकता, हे देशालाही स्वस्त पडतं आणि गावालाही.

काम अचानक तुटलं की गावाचं काय होतं, हे इंग्लंडमधल्या जॅरोनं पाहिलंय. तिथलं पामर्स यार्ड हेच गावाचं पोट होतं. मंदीत जहाजबांधणीवाल्यांच्याच एका संस्थेनं जास्तीची यार्डं विकत घेऊन बंद करायचा सपाटा लावला. १९३४ साली पामर्सही गेलं. ऑक्टोबर १९३६ मध्ये जॅरोची दोनशे माणसं काम मागायला पायी लंडनला गेली. त्यांच्या खासदार एलन विल्किन्सन त्यांच्यासोबत चालल्या. कागदावर हिशोब बरोबर होता, यार्डं जास्त आणि कामं कमी. पण त्या कागदावर गाव नव्हतं. उस्मानशाही मिल बंद पडलेली पाहिलेल्या नांदेडच्या म्हाताऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

अमेरिकेनं यावर वेगळी वाट काढली. व्हर्जिनिया वर्गाच्या पाणबुड्या दोन यार्डांना पुरतील इतक्या नव्हत्या. मग प्रत्येक पाणबुडीचेच तुकडे वाटले. काही भाग एका यार्डात, काही दुसऱ्यात, आणि शेवटची जोडणी आळीपाळीनं. खर्च वाढला, पण दोन्ही ठिकाणचे हात चालू राहिले.

आत्ता आपण काय करतोय?

आता उदयगिरी-हिमगिरीकडे परत येऊ. या वर्गात सात जहाजं आहेत. चार माझगावला, तीन गार्डन रीचला. नावं बघा: निलगिरी, हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी, विंध्यगिरी, आणि नवीन महेंद्रगिरी. १९७० च्या दशकात ज्या सहा नावांची जहाजं एकट्या मुंबईनं बांधली, तीच नावं आता मुंबई आणि कोलकाता वाटून घेतायत. नवी उदयगिरी नौदलाच्या आराखडा विभागाचं शंभरावं जहाज आहे. आराखडा एका ठिकाणी आणि बांधणी दोन ठिकाणी, ही व्यवस्था आता बसत चाललीय.

लहान जहाजांची वाटणी टेंडरनं होते. उथळ पाण्यात पाणबुड्या शोधणारी १६ जहाजं २०१९ मध्ये आठ-आठ अशी गार्डन रीच आणि कोचीन शिपयार्डला मिळाली. गस्तीच्या ११ नव्या जहाजांपैकी २०२३ मध्ये सात गोव्याला आणि चार कोलकात्याला गेली. ज्याचा भाव सगळ्यात कमी त्याला मोठा वाटा, दुसऱ्यानं तोच भाव मान्य केला तर उरलेलं काम त्याला, हा अशा टेंडरांतला प्रचलित नियम. भाव खाली राहतो आणि दोन दारंही उघडी राहतात. गोव्याचं यार्ड तर गस्तीच्या जहाजांवर शिकत शिकत आता फ्रिगेटपर्यंत पोचलंय. पायरी चढत जाणं ते हेच.

पण फक्त भावावर वाटायचं ठरवलं तर धोकाही आहे. २०११ साली गुजरातेतल्या पिपावावच्या खासगी यार्डाला पाच गस्ती जहाजांचं काम मिळालं होतं. यार्डाचाच आर्थिक डोलारा कोसळला, करार रद्द झाला आणि नौदलाची वर्षं वाया गेली. म्हणजे भावाइतकंच बघायला हवं ते यार्डाकडे हात आहेत का, भांडवल आहे का, आणि मागचं काम वेळेवर केलंय का.

समुद्र नसलेल्यांचा वाटा

मग किनारा नसलेल्या मराठवाड्यानं यात काय मागायचं? आपण भरलेला कर या जहाजांत असतो, हे विसरू नये. हैदराबाद संस्थानात असताना निजामाच्या नावाची ‘निझाम’ ही विनाशिका ऑस्ट्रेलियाच्या नौदलात होती. तिची बांधणी मात्र स्कॉटलंडच्या क्लाइडबँकमध्ये झाली होती. नाव हैदराबादचं, रोजगार क्लाइडबँकचा.

आज तसंच असायला हवं असं नाही. विक्रांत या विमानवाहू नौकेसाठी रशियाकडून पोलाद मिळेना, तेव्हा ते देशातच तयार करायचं ठरलं. त्यावरचं संशोधन झालं आपल्या जुन्या राजधानीतल्या, हैदराबादच्या धातू प्रयोगशाळेत. वालचंदांनी पुणे जिल्ह्यात उसाच्या शेतांमध्ये वसवलेल्या वालचंदनगरला नौदलाच्या जहाजांचे गिअरबॉक्स बनतात. उदयगिरी-हिमगिरीचा सुमारे ७५ टक्के माल देशी आहे आणि त्यात दोनशेहून जास्त छोट्या-मध्यम उद्योगांचा हात आहे. जहाजाला किनारा लागतो तो शेवटच्या जोडणीला. व्हॉल्व्ह, पंप, केबल, पॅनेल, पाईप यांना फक्त चांगला वर्कशॉप आणि नियमित ऑर्डर लागते.

नियमित ऑर्डर. सगळं येऊन इथेच थांबतं. लातूरच्या रेल्वे डबा कारखान्याची पायाभरणी मार्च २०१८ मध्ये झाली. डिसेंबर २०२० मध्ये पहिला डबा-सांगाडाही तयार झाला. कारखाना वेळेत उभा राहिला, टाळ्याही झाल्या. मग सुरू झाली कामाची वाट बघणं. पुढे वंदे भारत स्लीपर गाड्यांच्या टेंडरमध्ये सुरुवातीला ठरलेल्या २०० पैकी १२० गाड्या लातूरला बांधायच्या असलेल्या गटाकडे आल्या आणि ८० दुसऱ्या गटाकडे. कमी भाववाल्याला मोठा वाटा, दुसऱ्याला उरलेला. युद्धनौकांचा तोच नियम.

आपल्याकडे कारखाना आणला की निवडणुकीपुरतं काम झालं असं मानतात. माझगावच्या त्या २३ वर्षांनी काय शिकवलं? शेड असून उपयोग नसतो. आयटीआयमधून बाहेर पडलेल्या पोराला पहिल्या वर्षी वेल्डिंगची जागा मिळाली आणि तिसऱ्या वर्षी काम संपलं, तर तो पुण्याला जातो आणि परत येत नाही. पुढच्या ऑर्डरीला पुन्हा नवा पोरगा, पुन्हा पहिलीपासून शाळा.

म्हणून देशानं जहाजांचं काम वाटावं, पण असं: महत्त्वाच्या जहाजासाठी निदान दोन यार्डं, आराखडा एकच, नव्या यार्डाला आधी लहान आणि मग मोठं काम, आणि सगळ्यात वर, दोन ऑर्डरींमध्ये खंड नको. मत मागायला येणाऱ्याला कारखाना कधी आणला ते विचारायचं तर विचारा. पण त्याच्या पुढचा प्रश्न सोडू नका: पुढच्या दहा वर्षांचं काम कुठे लिहिलंय, ते दाखवा.

‘गोदावरी’ २३ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईत निवृत्त झाली. बत्तीस वर्षं चालली. तिच्याआधी त्याच यार्डात, त्याच हातांनी सहा जहाजं बांधली होती, म्हणून ती एवढी चालली.